बंदुकीची सुरक्षितता, सामूहिक शिकारीतील

एकाच जंगलभागात दोन वा अधिक सशस्त्र व्यक्ती शिकारीसाठी वा उपद्रवी प्राण्याच्या बंदोबस्तासाठी एकत्र वावरत असताना त्यांच्या शस्त्रांपासून परस्परांना, हाकाऱ्यांना व त्रयस्थांना इजा पोहोचू नये, म्हणून पाळावयाची शिस्त. एकट्या शिकाऱ्याला आपल्या बंदुकीचा व समोरच्या प्राण्याचा विचार पुरेसा ठरतो. गटातील शिकाऱ्याला मात्र आपले साथीदार या क्षणी नेमके कोठे आहेत, हेही सतत ठाऊक असावे लागते. सामूहिक शिकारीतील बहुतेक अपघातांचे मूळ शस्त्राच्या बिघाडापेक्षा या अज्ञानात आढळते. या विषयाचे सर्व नियम अखेरीस दोन प्रश्नांपाशी येऊन ठेपतात : नळीचे तोंड कोणीकडे आहे आणि समोर दिसते ते नक्की काय आहे?

भारतात छंदासाठी करावयाच्या शिकारीस कायद्याने बंदी आहे. तथापि पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांना मारण्याचा लेखी परवाना मिळालेले शेतकरी व नेमबाज, वन व पोलीस खात्यांची पथके आणि शेतीसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे परवानाधारक यांना गटाने शस्त्र वापरण्याचे प्रसंग येतात. कायदा मोडून होणाऱ्या शिकारीतही माणसे मृत्युमुखी पडतात. त्यामुळे बंदीच्या काळातही या विषयाचे महत्त्व उरलेले आहे.

पार्श्वभूमी : गटाने शिकार करण्याची पद्धत प्राचीन आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली असून, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचे विवेचन आढळते. महाराष्ट्रात सामूहिक शिकारीला पारध म्हणत. ढोल, डबे व आरोळ्यांनी जनावर उठवून ते दबा धरून बसलेल्या शिकाऱ्यांकडे रेटणे, म्हणजे हाका घालणे, ही तिची सर्वपरिचित रीत होय. भाले, तीरकामठे व कुत्री यांच्या साहाय्याने होणाऱ्या पारधीत धोका जवळच्या अंतरापुरता मर्यादित असे. बंदूक आल्यावर तो शेकडो मीटरांपर्यंत आणि पुढे रायफलीमुळे काही किलोमीटरांपर्यंत पसरला. परंतु गटाची रचना व सवयी मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या. ब्रिटिश अमदानीतील संस्थानिक व अधिकारी यांच्या शिकारीत मचाणांची जागा ठरविणे, हाका संपेपर्यंत मचाण न सोडणे, बगलेवर झाडांवर माणसे बसविणे यांसारखे संकेत रूढ झाले. इंग्लंडमध्ये १९०२ साली मार्क ब्यूफॉय याने आपल्या मुलाला उपदेश म्हणून बंदूक-सुरक्षिततेवर लिहिलेले पद्य तेथील शिकारी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या पाठ करविले जात आले आहे. अमेरिकेत जेफ कूपर (१९२०–२००६) या नेमबाजी-शिक्षकाने सुरक्षिततेचे चार नियम सुटसुटीत रूपात मांडले व ते जगभर प्रचलित झाले.

मीरा-भाईंदर परिसर : मुंबईच्या उत्तर सीमेवरील मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील शहर साष्टी बेटाच्या उत्तर भागात वसले आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस व आग्नेयीस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. नगरपरिषदेचे २००२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार सु. ७९ चौ. किमी. क्षेत्रात येथील लोकसंख्या ८,०९,३७८ होती. काशीमिरा, चेणे व घोडबंदर या भागांत वस्ती, महामार्ग व वन एकमेकांना अक्षरशः भिडलेले आहेत. सु. १०४ चौ. किमी. क्षेत्राच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे, सांबर, चितळ, रानडुकरे इ. प्राणी आढळतात. त्यात व त्याच्या कडेने आदिवासी पाडे असून पहाटे व तिन्हीसांजेला लाकूडफाटा, रानभाज्या, गुरे यांसाठी माणसांची ये-जा चालू असते. खाडीपलीकडे वसई तालुक्यात तुंगारेश्वर अभयारण्य पसरले आहे.

अशा भूभागात सुटलेली गोळी कोठे जाऊन थांबेल, याची खात्री देता येत नाही. डोंगरउतारावरून खाली झाडलेली गोळी वस्तीच्या दिशेने जाते. चढावर आकाशरेषेकडे झाडलेली गोळी पलीकडच्या उतारावरील पाड्यापर्यंत पोहोचू शकते. भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे व भरतीची पाणथळ जागा सपाट असल्याने तेथे गोळी वा छर्रे अडविणारा चढ नसतो. शिवाय उथळ कोनात पाण्यावर आदळलेली गोळी पाण्यात न शिरता उसळून भलत्याच दिशेस जाते. मोकळी वाटणारी जागा सुरक्षित असतेच असे नाही, हे या परिसराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अपघातांची कारणे : सामूहिक शिकारीतील अपघातांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : (१) साथीदाराला जनावर समजून मारणे, (२) हलत्या लक्ष्याचा माग घेताना नळी साथीदारावरून फिरणे आणि (३) नकळत बार उडणे.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत जुने व मर्मभेदी उदाहरण रामायणात आहे. अंधारात घडा बुडविण्याचा आवाज हत्ती पाणी पीत असल्याचा समजून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाचा प्राण गेला. लोकपरंपरेत तो श्रावणबाळ म्हणून ओळखला जातो. दशरथाचा नेम अचूक होता. चुकली होती ती ओळख. शिकाऱ्याचे मन ज्या प्राण्याची वाट पाहत असते, तोच प्राणी त्याला पानांच्या सळसळीत ऐकू येतो व झुडपाआडच्या काळ्या आकृतीत दिसतो. तासन्‌तास बसून आलेला थकवा, जनावर समोर येताच वाढणारी नाडीची गती आणि दुसरा आधी बार काढील ही चुरस यांमुळे अपुऱ्या खुणांवरून निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती बळावते. अनुभवी शिकारीही यास अपवाद नसतात.

मुंबई–अहमदाबाद महामार्गाने मीरा-भाईंदरच्या उत्तरेस गेल्यावर पालघर जिल्ह्यातील मनोरचा डोंगराळ भाग लागतो. तेथील बोरशेतीच्या जंगलात जानेवारी २०२५ च्या अखेरीस ग्रामस्थांचा एक गट रानडुकराच्या शिकारीसाठी गेला होता. गटातील काही जण इतरांपासून वेगळे झाले. पुढे दुरून दिसलेल्या हालचालीला डुक्कर समजून एकाने गोळी झाडली व ती साथीदाराला लागून त्याचा मृत्यू झाला. भीतीपोटी गटाने पोलिसांना न कळविता मृतदेह झुडपांत लपविला. काही दिवसांनी घटना उघडकीस आल्यावर पोलिसांनी सहा जणांना ताब्यात घेतले. गट फुटणे, फुटलेल्यांचा ठावठिकाणा न कळणे, ओळख न पटविता बार काढणे आणि अपघातानंतरचे मौन ही या प्रकारच्या दुर्घटनांची साखळी त्यात जवळजवळ पूर्णपणे दिसते.

दुसऱ्या प्रकाराचे जगप्रसिद्ध उदाहरण ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात घडले. लाव्यांच्या शिकारीत तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी उडालेल्या पक्ष्याचा माग घेत वळून बार काढला आणि पाडलेला पक्षी शोधून रांगेकडे परतणारे हॅरी व्हिटिंग्टन हे ७८ वर्षांचे वकील चेहरा, मान व छाती यांवर छर्रे लागून जखमी झाले. तेथे वेळ दिवसाची व शिकारी सरावलेले होते. तरीही साथीदाराची जागा बदलल्याची जाणीव न राहिल्याने अपघात टळला नाही.

तिसऱ्या प्रकारात ठेच लागून पडणे, चापाला काटकी वा कपडा अडकणे, भरलेली बंदूक मचाणावर ओढून घेणे, ती झाडाला टेकवून ठेवणे किंवा वाहनातून नेणे ही कारणे प्रामुख्याने दिसतात.

शस्त्रे व त्यांचा पल्ला : ज्या अंतरावर नेम धरता येतो ते अंतर आणि ज्या अंतरापर्यंत गोळी इजा करू शकते ते अंतर, यांत मोठी तफावत असते. शिकारी सहसा पहिल्याचाच विचार करतो. सुरक्षितता मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते. बारा बोअरच्या बंदुकीतील बारीक छर्रे सु. २०० ते ३०० मी. पर्यंत जातात, मोठे छर्रे सु. ५०० मी. आणि एकसंध गोळी १ किमी.च्या आसपास पोहोचू शकते. .२२ रायफल लहान व निरुपद्रवी समजली जाते. परंतु तिची गोळी २ किमी.हून अधिक अंतर कापू शकते. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होणारी .३१५ बोअरची रायफल भारतातील परवानाधारकांत विशेष प्रचलित आहे. .३०-०६ सारख्या शक्तिमान रायफलीच्या गोळीचा कमाल पल्ला ४ ते ५ किमी. असतो. तिचा सुरुवातीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सु. अडीचपट असल्याने ज्याला ती लागते त्याला आवाजाची पूर्वसूचनाही मिळत नाही. यामुळेच दाट वस्तीजवळ परवानगीने करावयाच्या कारवाईतही रायफलीपेक्षा अल्प पल्ल्याचे शस्त्र व उंचावरून जमिनीकडे केलेला मार अधिक सुरक्षित मानतात.

कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना घेण्याची प्रथा आहे. हिच्या नळीत तोंडाकडून दारू, बोळा व छर्रे गजाने ठासतात व घोड्याखालील टोपीने बार उडवितात. हिला बहुधा सुरक्षा-खटका नसतो. एकदा भरली की बार काढल्यावाचून ती रिकामी करणे जिकिरीचे असल्याने ती भरलेल्या अवस्थेतच घरी आणण्याकडे कल असतो व घरातील मुलांच्या हातून अपघात घडतात. गडबडीत दुहेरी भरणा झाल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. टोपी उडूनही बार न झाल्यास दारू सावकाश पेट घेत असण्याची शक्यता असते. म्हणून नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून किमान एक मिनिट थांबावे लागते. काडतुसी बंदुकीत चाप ओढूनही बार न झाल्यास हाच नियम लागू पडतो. परवाना नसलेल्या गावठी बंदुकांत तर नळीचे पोलाद व चापाची यंत्रणा यांचा कोणताच भरवसा नसतो.

मूलभूत नियम : शस्त्राचा प्रकार कोणताही असो, पुढील नियम सर्वत्र मान्य झालेले आहेत : (१) प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच ती हाताळावी. बंदूक हाती घेताना व देताना काडतूस-कक्ष उघडून डोळ्यांनी पाहावा व बोटाने चाचपावा. ‘रिकामीच आहे’ हे दुसऱ्याचे वचन पुरावा म्हणून धरू नये. (२) जिच्यावर गोळी झाडावयाची नाही अशा कोणत्याही वस्तूकडे, क्षणभरदेखील, नळीचे तोंड वळवू नये. (३) नेम धरून निर्णय पक्का होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे. (४) लक्ष्य, त्याच्या पुढची जागा व त्याच्या मागची जागा यांची खात्री करावी.

या नियमांची रचना अशी आहे, की एखादा नियम चुकून मोडला तरी उरलेल्यांमुळे प्राणहानी टळावी. बोट चापावर राहून बार उडाला, तरी नळी सुरक्षित दिशेस असल्यास गोळी जमिनीत जाते. दोन नियम एकाच वेळी मोडतात, तेव्हा बहुधा माणूस दगावतो. सुरक्षा-खटका हा या नियमांना पर्याय नव्हे. तो झिजतो, धक्क्याने सरकतो आणि तो लावला आहे या समजुतीने हाताळणी सैल होते.

चौथ्या नियमाचा विशेष विचार करणे आवश्यक आहे. जनावराचे पूर्ण शरीर, त्याचे डोके व हालचालीची दिशा दिसल्याखेरीज ओळख पटली असे मानीत नाहीत. आवाज, हलणारे गवत, चमकणारे डोळे वा रंगाचा ठिपका ही ओळख नव्हे. दुर्बिणीचे काम रायफलीवरील दूरदर्शकाकडून करून घेणे हा गंभीर दोष होय. कारण त्यात ओळख पटण्यापूर्वीच नळी माणसावर रोखली जाते. लक्ष्यामागे मातीचा चढ किंवा उतरती जमीन असावी. खडक, पाणी, गोठलेली वा कातळाची जमीन यांवरून गोळी उसळते. आकाशरेषेवर उभ्या असलेल्या जनावरावर कधीही गोळी झाडीत नाहीत. गोळी जनावराच्या शरीरातून आरपार जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गटरचना व मारक्षेत्र : निघण्यापूर्वी गटाचा एक प्रमुख ठरविणे व त्याचा शब्द अंतिम मानणे ही सामूहिक शिस्तीची पहिली अट होय. प्रमुखाने सर्वांची नावे व शस्त्रे मोजून घ्यावीत, प्रत्येकाला जागा व मार्ग नेमून द्यावा, खुणा ठरवाव्यात आणि संपल्यावर पुन्हा मोजणी करावी. मद्य घेतलेल्या व्यक्तीला गटात घेत नाहीत. नवख्या व्यक्तीला अनुभवी साथीदाराशेजारी व शक्यतो एकच काडतूस भरून ठेवतात.

रांगेने पुढे सरकताना दोन शिकाऱ्यांत सु. २० ते ३५ मी. अंतर ठेवतात व सर्वजण एका ओळीत राहतात. पुढे गेलेला किंवा मागे राहिलेला माणूस इतरांच्या माराच्या टप्प्यात येतो. प्रत्येकाला समोरच्या बाजूस सु. ४५ अंशांचे मारक्षेत्र नेमून दिलेले असते. मधल्याने सरळ समोर व कडेच्यांनी समोर आणि बाहेरच्या बाजूस मार करावयाचा असतो. जनावर नेमलेल्या क्षेत्राबाहेर गेले, की बंदूक खाली करावयाची. ते कितीही मोठे व जवळ असले तरी नळी रांगेवरून फिरवावयाची नाही. रांग वळण घेते तेव्हा सर्वांची मारक्षेत्रे बदलतात. म्हणून वळण पूर्ण होऊन प्रमुखाचा इशारा मिळेपर्यंत मार बंद ठेवतात. तीनपेक्षा अधिक बंदुका एका रांगेत असल्यास हे क्षेत्र सांभाळणे अवघड होते. पडलेले जनावर आणण्यासाठी किंवा लघुशंकेसाठी कोणी रांग सोडल्यास तो परतून दिसेपर्यंत सर्वांचा मार थांबविणे आवश्यक असते. चेनी यांच्या हातून झालेला अपघात नेमका या नियमाच्या अभावी घडला.

हाक्यात धोका अधिक असतो. कारण बंदुका व माणसे एकमेकांच्या दिशेने येत असतात. येथे मचाणे वा बैठका एका ओळीत ठेवून त्यांच्या जागा खुणेच्या दोरीने वा झाडावरील चुन्याच्या पट्ट्याने सर्वांना दाखवून देतात. हाकारे ठरावीक खुणेच्या रेषेपर्यंत पोहोचले, की शिंग वा शिट्टी वाजवून इशारा देतात. त्यानंतर हाक्याच्या दिशेने एकही बार काढावयाचा नसतो. जनावर ओळ ओलांडून मागे गेल्यावरच, तेही मागील जमीन मोकळी असल्यास, मार करता येतो. हाका संपल्याचा इशारा होऊन सर्व बंदुका रिकाम्या होईपर्यंत कोणीही बैठक सोडावयाची नसते. जखमी जनावर पाहण्याच्या उत्सुकतेने मचाणावरून आधी उतरलेला माणूस शेजारच्या मचाणावरून जनावरासारखा दिसतो. जखमी डुकराचा माग घेण्याचे काम एक बंदूकधारी व एक मागकाढ्या एवढ्यांनीच करावे; सर्वांनी झुडपात शिरणे घातक ठरते.

हालचाल व वाहतूक : चालताना नळीचे तोंड जमिनीकडे, आकाशाकडे किंवा गटाच्या बाहेरील बाजूस राहील अशा रीतीने बंदूक धरतात. एकामागे एक चालताना खांद्यावर आडवी बंदूक टाकल्यास तिचे तोंड मागच्याच्या किंवा पुढच्याच्या चेहऱ्याच्या रेषेत येते. म्हणून पुढच्याने ती पुढे व मागच्याने बाजूस वा मागे वळवून धरावी. ओढा, कुंपण, गडगा किंवा निसरडी कडा ओलांडण्यापूर्वी बंदूक रिकामी करून साथीदाराच्या हाती द्यावी, पलीकडे गेल्यावर दोन्ही बंदुका घ्याव्यात व मगच साथीदाराने ओलांडावे. मचाणावर चढताना रिकामी बंदूक दोरीला बांधून, तोंड खाली ठेवून वर ओढतात. पडल्यास प्रथम नळीत माती वा चिखल शिरला आहे काय, हे पाहावे. अडथळा असलेल्या नळीतून बार काढल्यास ती फुटते. वाहनात, घरात व विसाव्याच्या जागी काडतुसे निराळी व बंदूक उघडी ठेवणे हा सार्वत्रिक नियम आहे.

वेश व प्रकाश : रानडुकरासारख्या प्राण्यांना लाल व नारिंगी रंग माणसाप्रमाणे ठळक दिसत नाहीत, माणसाला मात्र झळझळीत नारिंगी रंग हिरव्या-तपकिरी पार्श्वभूमीवर दूरवरून ओळखता येतो. यास्तव अमेरिका व कॅनडा यांतील अनेक राज्यांत आणि यूरोपातील काही देशांत सामूहिक शिकारीच्या वेळी अशा रंगाचा अंगरखा वा टोपी आवश्यक केली आहे. महाराष्ट्रात रानात जाताना खाकी, काळे वा मळकट कपडे व डोक्यावर घोंगडी घेण्याची रीत आहे. रात्री वाकून चालणारा असा माणूस डुकरापासून वेगळा ओळखणे कठीण असते. विजेरीच्या झोतात केवळ डोळे चमकतात. कुत्रा, गाय व बिबट्या यांचेही तसेच चमकतात. रात्रीच्या सामूहिक माराविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप हाच आहे.

भूल देण्याची बंदूक : मीरा-भाईंदर व ठाणे परिसरात वस्तीत शिरलेल्या बिबट्यांना पकडण्यासाठी वनविभागाची बचावपथके भूल देण्याच्या बंदुकीचा उपयोग करतात. ही गोळीऐवजी औषध भरलेली सुई फेकते. तथापि हीही शस्त्रासारखीच हाताळावी लागते. सुईचा आघात व औषधाची मात्रा माणसास घातक ठरू शकते. या कारवाईत बघ्यांची गर्दी हाच प्रमुख धोका असतो. म्हणून पशुवैद्य, नेमबाज, पिंजरा सांभाळणारे व गर्दी आवरणारे पोलीस यांची कामे आधी वाटून एकाच अधिकाऱ्याच्या आज्ञेने कारवाई करतात. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री ‘अवनी’ (टी १) या वाघिणीस गोळी घालण्यात आली. त्या मोहिमेत विहित कार्यपद्धतीचा भंग झाल्याचे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नमूद केले. अधिकृत मोहिमेतही आज्ञेची साखळी स्पष्ट नसल्यास काय होते, याचे ते उदाहरण होय.

अपघात झाल्यास : सर्वांनी तत्काळ मार थांबवून बंदुका रिकाम्या कराव्यात. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट व अखंड दाब देऊन रक्तस्राव थांबविणे हा पहिला उपचार होय. हातापायातून जोराने वाहणारे रक्त दाबाने थांबत नसल्यास जखमेच्या वरच्या बाजूस रुंद पट्टा आवळून बांधतात व वेळ लिहून ठेवतात. गोळी काढण्याचा प्रयत्न करीत नाहीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसह तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. गोळी लागलेल्या पुष्कळ व्यक्ती रक्तस्रावाने दगावतात. अशा वेळी गेलेला प्रत्येक मिनिट निर्णायक असतो. बेकायदेशीर शिकारीतील गट मदत मागण्यास कचरतो आणि वाचू शकणारा साथीदारही त्यामुळे गमावला जाण्याची भीती असते.

कायदेशीर स्थिती : मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण अधिनियमान्वये आणि पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली काही काळ परवान्याने शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपुष्टात आली. कलम ९ अन्वये अनुसूचीतील प्राण्यांची शिकार हा गुन्हा असून, राष्ट्रीय उद्यानात वा अभयारण्यात शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. कलम ११ खाली मानवी जीवितास वा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत सक्षम अधिकारी सकारण लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे व नीलगाय यांच्याबाबत अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली.

याच अधिनियमाच्या कलम ३१ अन्वये परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कलम ३४ अन्वये अभयारण्यात वा त्यापासून दहा किमी.च्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांना आपली नोंदणी करावी लागते, तसेच त्या क्षेत्रात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. ही बंधने राष्ट्रीय उद्यानासही लागू आहेत. मीरा-भाईंदरचा मोठा भाग या अंतरात येत असल्याने येथील परवानाधारकांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा असून, २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. हयगयीने मृत्यू घडविल्यास १ जुलै २०२४ पासून अंमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. ‘जनावर समजून गोळी झाडली’ हे स्पष्टीकरण या कलमाखालील दोषातून मुक्तता देत नाही; किंबहुना ओळख न पटविणे हीच हयगय ठरते.

प्रशिक्षण : न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नवशिक्या शिकाऱ्यांना सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले व पुढे अमेरिकेतील इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. जर्मनीत शिकारपरवान्यासाठी शस्त्रे, प्राणिशास्त्र व कायदा यांची अवघड परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भारतात शिकारपरवानेच नसल्याने असे शिक्षण देणारी व्यवस्था उभी राहिली नाही. परिणामी पीकसंरक्षणाची परवानगी ज्यांना मिळते, त्यांपैकी अनेकांचे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून आलेल्या सवयींपुरते असते. परवानगीच्या आदेशासोबत मारक्षेत्र, वेश, वेळ व प्रमुखाची जबाबदारी यांविषयीच्या अटी घालणे आणि गावपातळीवर त्यांचे प्रात्यक्षिक देणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

मूल्यमापन : सुरक्षित सामूहिक मारासाठी दिवसाचा प्रकाश, ठळक वेश, मोठ्याने दिलेले इशारे, प्रमुखाची आज्ञा, तपासलेले शस्त्र व मदतीची सोय या गोष्टी अपरिहार्य आहेत. चोरट्या शिकारीत यांतील प्रत्येक गोष्टीचा त्याग करावा लागतो. तीत रात्र निवडली जाते, कपडे काळे असतात, बोलणे बंद असते, बंदूक गावठी असते आणि मदत मागण्याची वाट आधीच बंद झालेली असते. म्हणून अशा शिकारीतील मृत्यूंना केवळ दुर्दैव म्हणता येत नाही. गुप्ततेमुळे सुरक्षिततेचे सर्व नियम एकाच वेळी मोडल्याचा तो परिणाम असतो. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी केलेला कायदा अशा रीतीने शिकाऱ्याच्या साथीदारांचेही रक्षण करतो. जेथे माणूस व रान यांत अंतर उरलेले नाही, अशा मीरा-भाईंदरसारख्या परिसरात तर गोळी न झाडण्याचा निर्णय हाच बहुतेक प्रसंगी सुरक्षिततेचा पहिला व अखेरचा नियम ठरतो.